पाडलेलं शेतघर, तोडलेली बाग : मालकीचा माग कागदात कसा काढायचा?

म्हसावद (ता. शहादा) : शेतातलं जुनं घर पाडलं, आंबे तोडले, विहीर बुजवली आणि त्या जागी पपई नाहीतर केळी उभी राहिली, की दोन-तीन वर्षांत तिथे काय होतं हे सांगायला फक्त म्हातारी माणसं उरतात. भानगड मात्र त्यानंतर सुरू होते. रस्त्याची मोजणी येते, भावकीत वाटणी निघते, लग्न होऊन सुरतला गेलेली बहीण हिस्सा मागते, किंवा "ही जमीन आमच्या आज्याची होती" असा अर्ज तहसीलला पडतो. मग विचारणा होते. घर कोणी बांधलं? झाडं कोणी लावली? जमीन कोणाकडून कोणाकडे गेली?

या प्रश्नांचं उत्तर एकट्या सातबाऱ्यात सापडत नाही. जमिनीची नोंद एका दप्तरात असते, घराची दुसऱ्या आणि झाडांची तिसऱ्या. घर पाडल्यावर, बाग तोडल्यावर हे कागद जागेवरच असतात, पण ते एकत्र कोणी लावत नाही. आपल्या पट्ट्यात, म्हणजे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांत, हा माग निदान १९५७ च्या मागे न्यावाच लागतो. त्यामागे कायद्याचं कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी जिल्ह्याचं नाव नीट लावा

जुना कागद शोधताना पहिली चूक इथेच होते. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीच्या खरेदीखतावर, फेरफारावर "जिल्हा धुळे" असतं. त्याही मागे गेलं की "पश्चिम खानदेश" लागतं. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पश्चिमचं मुख्यालय धुळे होतं आणि शहादा, तळोदा, नंदुरबार हे तालुके त्यातच होते. १९०६ च्या आधीच्या कागदावर नुसतं "खानदेश" दिसेल.

म्हणून एखादं जुनं दप्तर शहाद्याला किंवा नंदुरबारला मिळालं नाही तर "रेकॉर्ड नाही" असं समजून परत फिरू नका. धुळ्याच्या अभिलेख कक्षात आणि नोंदणी कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात गावाच्या नावाबरोबर जुना तालुका, जुना जिल्हा आणि जुना सर्व्हे नंबर टाका. नवा गट नंबर टाकून जुनं दप्तर उघडत नाही.

जुने कागद मोडीत असू शकतात. मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरीत उतरवून घ्या, पण मूळ प्रत जपून ठेवा. क्षेत्र एकर-गुंठ्यात असेल: ४० गुंठे म्हणजे १ एकर, साधारण २.४७ एकर म्हणजे १ हेक्टर. आकार रुपये-आणे-पैमध्ये असेल. आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका, आधी माप बदला आणि मग ताडून पाहा.

सातबारा खालून वर वाचा

आजचा सातबारा म्हणजे साखळीची शेवटची कडी. तो आज कोणाचं नाव लागलंय ते सांगतो, नाव कसं लागलं ते सांगत नाही. त्यासाठी त्यावर छापलेले फेरफार नंबर पाहायचे. प्रत्येक नंबर म्हणजे एक घटना: खरेदी, वारस, वाटप, हक्कसोड, बक्षीसपत्र, बोजा, कूळ. शेवटचा नंबर घ्या, फेरफाराची नक्कल काढा, त्यात आधीच्या मालकाचं नाव आणि कारण वाचा, मग त्याच्या मागचा फेरफार काढा. असं एकेक पाऊल मागे जायचं.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. त्यामुळे पुष्कळ गावांत फेरफाराची वही शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. त्या मागचं पाहायचं तर मोजणी खात्याचे कागद, म्हणजे टिपण, फाळणी आणि आकारबंद. ते भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतात.

मध्येच साखळी तुटल्यासारखी वाटते ती बहुतेक वेळा नंबर बदलल्यामुळे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या ९(३) व ९(४) या उताऱ्यांत असतं. तो उतारा आधी काढा. नाहीतर दुसऱ्याच्याच वावराचा इतिहास काढून बसाल.

नावापुढच्या छोट्या अक्षरांकडे बघा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमीन त्या अज्ञान मुलाची आहे, नाव लागलेला माणूस तिचा सांभाळ करणारा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव थोरल्या भावाचं असलं तरी जमीन सगळ्या कुटुंबाची धरलेली आहे. संगणकावर सातबारा चढवताना किंवा हाताने नवा लिहिताना ही अक्षरं गळाली असतील, तर भावकीतलं भांडण त्या गळालेल्या दोन अक्षरांवरच उभं असतं. म्हणून हस्तलिखित जुना सातबारा सोबत ठेवून आजचा ताडून पाहायचा.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. महसुली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, हे जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ मध्ये आहे. पण नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. हक्क येतो तो खरेदीखत, वाटणी, वारसा किंवा कायद्याने दिलेला आदेश यांतून. म्हणून प्रत्येक फेरफारामागचा मूळ दस्त शोधायचा. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ मध्ये त्याची नोंद सापडते. दस्ताच्या चतुःसीमा आणि वर्णन शेवटपर्यंत वाचा. "विहीर, इंजिन, घर, आंब्याची झाडं यांसह" असं एक वाक्य तिथे असलं तर पुढचं निम्मं काम झालं.

दोन तारखा पाठ करा

पहिली तारीख १ एप्रिल १९५७. १९४८ च्या कूळकायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि या दिवशी कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. याला कृषकदिन म्हणतात. त्यामुळे १९५७ च्या आधी मालकाच्या रकान्यात एक नाव आणि पीकपाहणीत कसणाऱ्याचं दुसरं नाव असेल, तर ते सोडून पुढे जाऊ नका. कलम ३२ग खाली किंमत ठरली का, ३२म चं प्रमाणपत्र मिळालं का, ते पाहा. अशा जमिनीवर विक्रीचे निर्बंध असतात आणि ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहिलेले असतात.

दुसरी तारीख ६ जुलै १९७४. या दिवसापासून आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि विक्रीसाठी त्याआधी राज्य सरकारची मंजुरी लागते. हे संहितेचं कलम ३६अ. तशी परवानगी नसलेला व्यवहार टिकत नाही. मग खरेदीखत कितीही पक्कं लिहिलेलं असो.

आणि या दोन तारखांच्या मधला काळ सगळ्यात नाजूक. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्यासाठी राज्याने वेगळा कायदा केला. महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा अधिनियम, १९७४ हे त्याचं नाव. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला.

म्हणून आपल्या भागात तीस वर्षांचा सर्च काढून "टायटल क्लिअर" म्हणणं पुरत नाही. तीस वर्षं म्हणजे फार तर १९९० च्या दशकात पोचतो. अडचण त्याच्या मागे असते.

हा कायदा शहाद्याच्या मातीतून आला

हे शहर-गावच्या नव्या पिढीला ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर. १९७० च्या आसपास शहादा-तळोदा भागात भिल्ल कुटुंबांच्या पुष्कळ जमिनी हातातून गेल्या होत्या. कुठे धान्याच्या उसनवारीपोटी, कुठे गहाण म्हणून दिलेल्या अंगठ्याचं खरेदीखत झालं, कुठे सालदारकीच्या उचलीत. ज्याच्या नावावर वावर होतं तोच त्या वावरात सालदार म्हणून राबत होता.

अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्लांची चळवळ उभी राहिली. १९७१ मध्ये पाटीलवाडीला झालेल्या हिंसाचारानंतर राज्याचं लक्ष शहाद्याकडे गेलं. सर्वोदयी कार्यकर्ते आणि शहरांतून आलेले तरुण इथे काम करू लागले. १९७२ मध्ये शहाद्यात भू-मुक्ती परिषद झाली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि दुष्काळही पडला. आदिवासी खातेदारांच्या जमिनींच्या अडचणी पाहायला तेव्हाचे महसूलमंत्री वर्तक यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. १९७४ चे कायदे त्यानंतरचे.

म्हणजे १९५७ आणि १९७४ या तारखा मंत्रालयात कोणी सहज टाकलेल्या नाहीत. त्या आपल्याच शिवारातल्या फेरफारांवरून आल्या आहेत. आदिवासी कुटुंबाला त्यातून आज्याची जमीन परत मिळू शकते. बिगर आदिवासी शेतकऱ्याला, ज्याच्या बापाने तिसऱ्याकडून रोख पैसे मोजून जमीन घेतली, त्याला आपण कशावर उभे आहोत ते कळतं. दोघांनाही कागद लागतो.

आणि इथेच पाडलेलं घर आणि तोडलेली बाग पुन्हा महत्त्वाची होते. परत देण्याच्या या कायद्यात जमीन परत घेणाऱ्या आदिवासीने आकाराच्या ४८ पट रक्कम आणि बिगर आदिवासीने केलेल्या सुधारणांची किंमत द्यायची असते. ती जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत देता येते. सुधारणा म्हणजे विहीर, बांध, घर, फळझाडं. ती कोणी केली, कधी केली, आज आहेत की नाहीत, यावर रक्कम ठरते. घर आधीच्या आदिवासी मालकाने बांधलेलं असेल तर त्याची किंमत त्याच्याच माथी मारणं चूक. नव्या मालकाने बांधून पुढे पाडलं असेल तर तेही मांडावं लागतं. ६ जुलै १९७४ पर्यंत जमीन बिगरशेती वापरात गेली होती का, हाही प्रश्न या कायद्यात आहे. म्हणून "ते शेतघर होतं की दुसरं काही" हा वाद निव्वळ शब्दांचा राहत नाही.

घराची नोंद कुठे सापडते?

कायद्यात शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, किंवा खातेदाराचं कुटुंब, नोकर, कूळ यांना राहायला शेतात बांधलेली इमारत म्हणजे शेतघर. सालदाराची खोली यात बसते. अशा घरामुळे जमीन बिगरशेती होत नाही. आणि सालदार त्यात वीस वर्षं राहिला म्हणून नुसत्या राहण्याने तो मालकही होत नाही. मात्र तो मुळात त्याच जमिनीचा जुना खातेदार असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा फेरफार पाहायचा.

घराचे पुरावे असे शोधा:

१. पोटखराबा. शेतघराखालची आणि खळ्याखालची जागा मोजणीच्या वेळी पोटखराब वर्ग (अ) मध्ये धरलेली असू शकते. सातबाऱ्यावर पोटखराबा किती ते पाहा आणि जुन्या आकारबंदाशी ताडा.

२. जुन्या सातबाऱ्याचा शेरा आणि इतर हक्क. तलाठी तिथे विहीर, घर, बोअर, झाडं लिहीत असत. नवा उतारा काढताना हे शेरे सुटलेले असू शकतात.

३. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. शेतातल्या घराला घरपट्टी लागली असेल तर इथे वर्ष, बांधकामाचा प्रकार आणि नाव मिळेल. हा नमुना ८ आणि महसूलचा ८अ वेगळे आहेत. ८अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. आणि घरपट्टीची पावती हा राहण्याचा आणि बांधकामाचा पुरावा आहे, मालकीचा नाही.

४. वीजजोडणी. राज्य वीज मंडळाच्या काळातलं कृषिपंपाचं किंवा घराचं कोटेशन, जुनं बिल. त्यावर तारीख आणि गट नंबर असतो.

५. कर्जाचे कागद. विकास सोसायटी, धुळे-नंदुरबार जिल्हा बँक किंवा भूविकास बँकेतून विहिरीला, इंजिनला, पाइपलाइनला कर्ज काढलं असेल तर तारणाच्या कागदात वावरातल्या बांधकामाचं वर्णन असतं. बोजाचा फेरफार नंबर त्या तारखेपर्यंत नेतो.

६. उपग्रहाची जुनी चित्रं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं पाहता येतात. पत्र्याचं छप्पर, बागेचा हिरवा चौकोन कोणत्या वर्षापर्यंत होता हे त्यात दिसतं. एकट्या चित्रावर दावा उभा राहत नाही, पण कागदाला त्याची जोड मिळते.

२०२० पासून आलेली स्वामित्व योजना, ड्रोनची मोजणी आणि मिळकत पत्रिका ही गावठाणातल्या घरांसाठी आहे. वावरातलं घर त्यात येत नाही. "पत्रिका मिळाली नाही म्हणजे घर नव्हतंच" हा युक्तिवाद कोणी केला तर तो चुकीचा आहे.

झाडांची नोंद कुठे सापडते?

खातेदाराच्या जमिनीतली झाडं, सरकारने राखून ठेवलेली सोडून, त्याच्या मालकीची असतात. पण मालकीची म्हणून हवी तेव्हा तोडता येत नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, मोहा, चिंच, जांभूळ, फणस, साग, खैर, अंजन, हळदू, तिवस, ऐन ही आपल्याकडची बरीच झाडं आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. खातेदार आदिवासी असेल तर झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदाही आहे. व्यापाऱ्याने चार पैशांत साग-मोहा उचलून नेऊ नये म्हणून तो केला गेला.

यातून शोधणाऱ्याचा फायदा होतो. बाग रीतसर तोडली असेल तर परवानगीचा अर्ज, मालकीचा दाखला, पंचनामा, झाडांची संख्या आणि घेर असं सगळं वन खात्याकडे किंवा महसूलकडे सापडू शकतं. पाडलेल्या घराचा असा कागद निघेलच असं नाही. तोडलेल्या आंब्याचा मात्र निघू शकतो.

लागवडीकडूनही माग लागतो. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० मध्ये सुरू झाली. त्याखाली लावलेल्या बागेची गट नंबर, झाडांची संख्या आणि अनुदान यांची नोंद कृषी कार्यालयात झालेली असते. पीकपाहणीत "आंबा", "लिंबू", "बोर" असं वर्षानुवर्षं लागलेलं असेल तर बागेचं वयही कळतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपणच मोबाइलवर करतो. त्यात फळबाग आणि बांधावरची झाडं टाकायची सोय आहे. लोक फक्त कापूस, सोयाबीन टाकून मोकळे होतात. झाडं टाकत चला.

बांधावरच्या झाडाचा वाद वेगळा. बांध सामाईक असेल तर झाडाचं उत्पन्न आणि लाकूड दोघांत येतं. खरेदीखतात झाडं स्वतंत्र लिहिलेली आहेत का, की एका भावाने वाटणीत "जमीन तुझी, आंबा माझा" असं लिहून घेतलंय, हे वाटणीपत्रात पाहा. असे करार जुन्या घरांत निघतात.

जिथे सातबाराच नाही

म्हसावदच्या उत्तरेला सातपुडा चढायला लागलं की प्रश्न बदलतो. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या भिल्ल-पावरा कुटुंबांकडे फेरफारांची साखळी नसते. तिथे २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थानाची जागा, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही धरलेलं आहे. म्हणजे इथे पडक्या घराचा दगडी चौथरा आणि लावलेली झाडं हाच दस्त. ते उखडून टाकणं म्हणजे स्वतःचा पुरावा नष्ट करणं.

नर्मदेच्या काठी याची किंमत लोकांनी मोजली आहे. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावात १९९० च्या दशकातच घरं पाण्यात गेली. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात जमीन जाणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन द्यायची तरतूद होती. पण ज्यांची कसलेली जमीन वनखात्याच्या नावावर होती त्यांना "खातेदार" ठरण्यासाठीच वर्षानुवर्षं भांडावं लागलं. घर होतं, महू होता, आंबा होता, पण नाव कुठेच नव्हतं. तळोद्याच्या वनजमिनीवर वसलेल्या वसाहतींमधल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाडण्याआधी एवढं करा

घर पडायला आलं, बाग म्हातारी झाली, तर पाडावंच लागतं. पण जेसीबी बोलावण्याआधी एक दिवस द्या. घराचे चारही बाजूंनी, विहिरीचे आणि झाडांचे तारखेसह फोटो काढा. मोबाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश टिपले जातील असं बघा. घराची लांबी-रुंदी लिहून ठेवा. झाडं जातवार मोजा. ग्रामपंचायतीला अर्ज देऊन घराची नोंद कमी करून घ्या आणि त्याची पोच ठेवा. यादीतली झाडं असतील तर परवानगी घ्या. हिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, बहिणींच्यासुद्धा. हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. अनुसूचित जमातींना तो कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. म्हणून आदिवासी कुटुंबाने वाटणी लेखी करून ठेवलेली बरी.

गावावरून रस्ता, कालवा, वीजवाहिनी जाणार अशी कुणकुण असेल तर काहीही पाडू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात घर आणि झाडांची किंमत जमिनीपेक्षा वेगळी काढतात. घराची जाणकार अभियंत्याकडून, झाडांची कृषी, फळबाग किंवा वनातल्या जाणकाराकडून. संयुक्त मोजणीच्या दिवशी जे जागेवर दिसतं ते लिहिलं जातं. त्या दिवशी स्वतः हजर राहा, पंचनामा वाचा, आणि झाडांचा आकडा चुकला असेल तर सही करतानाच हरकत लिहा.

घर पाडून झालं असेल तर

आजचा सातबारा आणि ८अ, त्यावरचे सगळे फेरफार, एकत्रीकरणाचा उतारा, प्रत्येक फेरफारामागचा दस्त, ग्रामपंचायतीचा नमुना ८, वीज आणि कर्जाचे कागद, झाडांची परवानगी किंवा लागवडीची नोंद, या क्रमाने एक फाइल करा. पहिल्या पानावर तक्ता काढा: वर्ष, कोणाकडून, कोणाकडे, कशाने, फेरफार नंबर. १९५७ आणि १९७४ च्या ओळींवर खूण करा. जिथे खातेदार आदिवासी होता तिथे परवानगीचा आदेश आहे की नाही ते लिहा. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का तेही पाहा. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण आहेत. शहादा आणि नंदुरबार तालुक्यांत यादीतली गावंच आहेत. पण कलम ३६अ खातेदार आदिवासी आहे का ते पाहतं, गाव यादीत आहे का ते नाही.

नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. "सापडत नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या, तेही पुढे कामाला येतं. नवीन फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात. "बघू नंतर" म्हणून नोटीस खिशात ठेवू नका. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, तिथे १५ वर्षांची मर्यादा आहे. बाकीच्या मुदती प्रकरणागणिक बदलतात. त्या वकिलाला फाइल दाखवूनच विचारा.

गावातल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांकडे या फाइलमधला पुष्कळ भाग तोंडपाठ आहे. अमुक आंबा कोणी लावला, त्या घरात आधी कोण राहायचं, जमीन कोणत्या दुष्काळात गेली. त्यांचं सांगणं आत्ताच लिहून घ्या, तारीख टाका, सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार ठेवा. आणि मग त्यांनी सांगितलेलं वर्ष धरून फेरफाराची वही उघडा.